किर्लोस्करांची नोकरी, फाळक्यांची पॉलिसी आणि शेतकऱ्याचा लाकडी नांगर

बेळगावच्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोड आहे. रोज त्यावरून हजारो माणसं जातात. खरेदी करतात, गाडी लावायला जागा शोधतात, वैतागतात आणि घरी येतात. हे नाव कुठल्या मोठ्या कारखान्यावरून नाही, एका सायकलच्या दुकानावरून पडलं, हे माहीत असलेले आता थोडेच राहिलेत. किर्लोस्कर समूह आपला जन्म १८८८ सालचा मानतो, तो याच दुकानाच्या हिशेबानं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आमच्या भागात प्रत्येक उद्योजक शिबिरात सांगितली जाते. ती साधारण अशी: मुंबईत चांगली मास्तरकी होती, अपमान झाला, बाणेदारपणे राजीनामा फेकला, बेळगावला आले, नांगर केला, शेतकऱ्यांनी नाकारला, तरी हटले नाहीत, शेवटी मोठे झाले. तात्पर्य काय, तर धोका पत्करा. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला माझा भाचा गेल्या वर्षी घरी येऊन हेच म्हणाला, "मामा, लक्ष्मणरावांनी सोडलीच की नोकरी!" त्याची आजी आत बसून ऐकत होती. ती म्हणाली, "सोडायलास खरं, पण घराचा हप्ता कोण भरणार रे?"

मी शिकलेला इतिहासकार नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढली, त्यानंतर कागदपत्रांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या नादी लागलो. पण त्या दोघांचं बोलणं ऐकून मला वाटलं, की ही गोष्ट एकदा नीट, सालवारीनं मांडून बघावी. लक्ष्मणरावांनी खरंच उडी मारली का? मारली असेल तर खाली काय होतं? आणि ज्यांनी मारली नाही, ते भित्रे होते का?

एक शाळा, दोन विद्यार्थी

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच कुळातले. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे पंडित. अशा घरातल्या मुलानं १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला जायचं, ही त्या काळी सरळ वाट नव्हती. वडिलांच्या मनात नव्हतं. पाठीशी उभे राहिले ते थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे रामूअण्णा.

त्याच १८८५ साली त्याच जे. जे. मध्ये आणखी एक शास्त्र्याचा मुलगा दाखल झाला. नाव धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. हे पुढचे दादासाहेब फाळके. त्यांच्याही पाठीशी थोरला भाऊच होता. जे. जे. मधला अभ्यास झाल्यावर ते बडोद्याला भावाकडे गेले आणि तिथं पुढं कलाभवनात शिकले.

या दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. वय एका वर्षाच्या फरकाचं. घरचं वळण सारखं. शाळा तीच, साल तेच. दोघांनाही हातानं काम करायची आणि यंत्र उघडून बघायची खोड. दोघांनीही पुढं नोकऱ्या सोडल्या आणि देशात जे नव्हतं ते करून दाखवलं. एकाचा शेवट वैभवात झाला, दुसऱ्याचा ओढगस्तीत. हा फरक धाडसाचा म्हणावा, तर धाडसात फाळके तसूभरही कमी नव्हते.

डोळ्यानं घेतलेला निर्णय

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला पहिला मोठा बदल त्यांनी निवडलेला नव्हता. दोनेक वर्षं चित्रकला शिकल्यावर लक्षात आलं, की त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. चित्रकाराची वाट तिथंच संपली.

इथं त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. चित्रकला सोडली, पण रेखाटन सोडलं नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे चटकन कळेल. यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही. रेघ सरळ पाहिजे, माप अचूक पाहिजे आणि वस्तू तिन्ही बाजूंनी डोळ्यासमोर उभी राहिली पाहिजे. हे सगळं त्यांच्याकडे होतं. भायखळ्याला १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं होतं, आजचं व्हीजेटीआय. तिथं ते रेखाटन शिकवायला लागले आणि शिकवता शिकवता तिथल्या यंत्रांवर स्वतः शिकत राहिले. बिघडलेलं यंत्र उघडायचं, कसं चालतं ते समजून घ्यायचं, पुन्हा जोडायचं. पगार मास्तरचा, शिक्षण मेकॅनिकचं.

म्हणजे बदल झाला तेव्हा त्यांनी आधीच्या शिदोरीतलं निम्मं तरी पुढं नेलं. त्यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा दिसतं. पुढचं पाऊल नेहमी आधीच्या पावलाला लागून आहे.

नोकरी सोडली, तेव्हा काय काय चालू होतं

आता त्या प्रसिद्ध राजीनाम्याकडे येऊ. बढती मिळायला हवी होती, ती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. इथपर्यंत शिबिरातली गोष्ट बरोबर आहे. पण ती इथंच सुरू होते, म्हणून चुकते.

ते मुंबईत नोकरीला असतानाच भावांचा सायकलींचा व्यापार सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे, बेळगावला पाठवायचे. रामूअण्णा इथं त्या विकायचे आणि घेणाऱ्याला पैसे घेऊन चालवायलाही शिकवायचे. त्या काळात सायकल ही श्रीमंताची चीज. बेळगावात छावणी होती, अधिकारी होते, वकील होते. गिऱ्हाईक कोण हे रामूअण्णांना ठाऊक होतं. माल कुठं मिळतो आणि दुरुस्त कसा करायचा हे लक्ष्मणरावांना ठाऊक होतं.

तर राजीनामा दिला त्या दिवशी लक्ष्मणरावांकडे होता चालू धंदा, गिऱ्हाइकांची ओळख, हातात आलेलं कसब, बेळगावातलं घर आणि तिथं पाय रोवून उभा असलेला भाऊ. पगार गेला, बाकी सगळं शाबूत होतं. त्यांच्या स्वाभिमानाला मी कमी लेखत नाही. असे अपमान गिळून तीस वर्षं नोकरी करणारी माणसं मी पाहिलीत, त्यातली काही माझ्या घरातली आहेत. पण स्वाभिमान परवडावा लागतो. लक्ष्मणरावांना तो परवडला, याची तयारी काही वर्षं आधीपासून झालेली होती आणि त्यात निम्मा वाटा रामूअण्णांचा होता.

आमच्या फाउंड्रीत नवा पॅटर्न आला, की पहिल्याच दिवशी कुणी शंभर नग ओतत नाही. एक ओततात. तो कापून बघतात, आत हवेची पोकळी राहिली का, धातू कोपऱ्यापर्यंत पोचला का. मग दहा, मग शंभर. या रीतीला आम्ही कधी धाडस म्हटलं नाही आणि भित्रेपणाही म्हटलं नाही. ती कामाची पद्धत होती. लक्ष्मणरावांच्या या वर्षांकडे बघताना मला तीच पद्धत दिसते.

नांगर नाकारणारा शेतकरी

बेळगावात आल्यावर सायकलींच्या जोडीला शेतीची अवजारं आली. आधी कडबा कापायचं यंत्र. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. हा नांगर शेतकरी घेईनात. लोखंडामुळं जमिनीला विष लागतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

आपण हा प्रसंग सांगतो तो हसून. अडाणी शेतकरी, दूरदृष्टीचा कारखानदार. मला हे हसू पटत नाही. जरा शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब मांडू.

लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, फाळ गावचा लोहार शेवटायचा. मोबदला बलुत्याचा, सुगीत धान्याच्या रूपानं. रोख पैसा लागत नव्हता. नांगर मोडला तर त्याच दिवशी दुरुस्त. लोखंडी नांगर मात्र रोखीनं घ्यायचा. त्याचा फाळ बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि ते ठोकून शेवटता येत नाही. भट्टीत तापवून घणाचा घाव घातला तर तुकडे होतात. म्हणजे फाळ झिजला की गावचा लोहार हात वर करणार आणि नवा फाळ कारखान्यातूनच आणावा लागणार, तोही रोखीनं. पेरणी तोंडावर आली असताना फाळ तुटला आणि कारखाना पन्नास मैलांवर असला तर? पाऊस काही थांबत नाही.

त्यात साल बघा. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, पाठोपाठ १८९९-१९०० चा. जनावरं मोठ्या संख्येनं मेलेली. जी बैलजोडी उरली तीच घरची मिळकत. माती पलटवणारा, खोल जाणारा नांगर बैलांना जड जाणार का, ही शंका घेणं मूर्खपणाचं नव्हतं. एक हंगाम फसला तर सावकार, आणि सावकाराकडे गेलेली जमीन परत येईल याचा भरवसा नाही.

कारखानदाराचा एक नांगर पडून राहिला तर थोडं भांडवल अडकतं. शेतकऱ्याचा एक हंगाम गेला तर घर बसतं. एकाच वस्तूची जोखीम दोघांना सारखी नव्हती. मला वाटतं, 'लोखंडाचं विष' ही त्या भीतीची बोलायची भाषा होती. हिशेब खाली वेगळाच चालू होता. कडबा कापायच्या यंत्रात पिकाची पैज लावायची नव्हती. कापला तर त्याच संध्याकाळी गोठ्यात फरक दिसतो, नाही कापला तर नुकसान यंत्रापुरतं.

मग लोखंडी नांगर शेवटी खपला कसा? दुसऱ्याच्या रानात चाललेला बघून. हरळी आणि कुंदा या दोन गवतांनी काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याला जेरीला आणलेलं असतं. मुळ्या खोल जातात, वरवर खरवडून निघत नाहीत. लोखंडी नांगर माती उलटी करतो, मुळ्या वर येतात, उन्हानं मरतात. हे शेजाऱ्याच्या बांधावरून दिसलं की व्याख्यानाची गरज उरत नाही. पहिली जोखीम ज्यांना झेपत होती अशांनी घेतली, आणि बाकीच्यांनी बघून घेतली. दोघंही आपापल्या जागी शहाणे होते.

१९१०: बेळगावनं घालवलेला कारखाना

बेळगावकर म्हणून मला या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग हा. कारखाना जरा उभा राहतोय तोवर नगरपालिकेनं गावाच्या विस्तारासाठी जागा रिकामी करायला सांगितलं. ठळकवाडीची, म्हणजे आजच्या टिळकवाडीची, नवी वसाहत आखली जात होती. त्या आखणीत कारखान्याला जागा नव्हती. साचे, भट्टी, यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठं?

पुन्हा एकदा बदल बाहेरून आला होता. पण तोवर लक्ष्मणरावांची माणसांची पुंजी जमली होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. १९०९ मध्ये गादीवर आले होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि बिनव्याजी १० हजार रुपये कर्ज दिलं. माळावर निवडुंग आणि नाग. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार बायकापोरांसह तिथं गेले. तीच किर्लोस्करवाडी. वसाहतीची आखणी आणि कारभार कुणी बघितला? रामूअण्णांनीच.

या प्रसंगात जोखीम कुणाची मोठी? लक्ष्मणरावांची होतीच. बाळासाहेबांचं संस्थान लहान आणि विखुरलेलं, १० हजार ही त्यांच्या खजिन्याला किरकोळ रक्कम नव्हती. पण ज्या कामगाराच्या बायकोनं बेळगावातलं बिऱ्हाड मोडून, पोरं काखेला मारून सापांच्या माळावर चूल मांडली, तिची जोखीम कुठल्या चरित्रात मोजली जात नाही. तिला भागीदारी नव्हती. नवऱ्याच्या मालकावर विश्वास, एवढंच तारण.

लक्ष्मणरावांनी हा विश्वास उलटही ठेवला, हे नोंदवलं पाहिजे. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम केला. त्या काळात या दोन्ही गोष्टी धंद्याच्या दृष्टीनं धोक्याच्या होत्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि विलायती नांगरांची आवक आटली. लोखंडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगितलं जातं. १९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली, त्याच वर्षी शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. मुलगा शंतनुराव एमआयटीची पदवी घेऊन १९२६ मध्ये वाडीला परतला. माळावर गेल्यापासून सोळा वर्षांत घराची ऐपत एवढी वाढली होती.

फाळक्यांची पॉलिसी

आता दुसऱ्या विद्यार्थ्याकडे. बडोद्याहून फाळके गोध्र्याला गेले, तिथं छायाचित्रणाचा धंदा मांडला. १९०० च्या प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढं पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी मिळाली. ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. भागीदारांबरोबर छापखाना काढला, जर्मनीला जाऊन नवं तंत्र बघून आले, मग भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सोडला. चाळिशी उलटली होती. १९११ मध्ये मुंबईत सिनेमा पाहिला आणि माणूस झपाटला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून युनिटच्या स्वयंपाकापर्यंत सरस्वतीबाई राबल्या.

यश आलं. पण पुढंही तीच रीत राहिली. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, थोड्याच काळात मतभेद झाले, ते राजीनामा देऊन काशीला निघून गेले, पुन्हा परतले. प्रत्येक वेळी बाहेर पडताना यंत्रं, पैसा आणि माणसं मागे राहिली. बरोबर आलं ते फक्त कसब. बोलपट आल्यावर मूकपटाचं ते कसबही उणं पडलं. 'गंगावतरण' हा १९३७ चा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले, तेव्हा हाती फारसं काही नव्हतं.

दोघांत फरक शोधायचा तर तो जोखमीच्या आकारात नाही, ती कशावर लावली त्यात आहे. लक्ष्मणरावांनी पणाला लावला पगार, जागा, साठलेला माल. घराचा पाया, म्हणजे भाऊ आणि सोबती, कधी लावला नाही. फाळक्यांनी प्रत्येक वेळी घरच लावलं. अर्थात हेही खरं, की भारतात सिनेमा सुरू करायला त्या वेळी कुठलं संस्थान ३२ एकर देत नव्हतं. सिनेमाचा एक तुकडा काढून 'बघू जमतंय का' म्हणणं नांगरापेक्षा महाग होतं. फाळक्यांनीही आधी वाटाण्याच्या वेलाच्या वाढीची छोटी फिल्म काढून सावकाराला दाखवली होती, मगच पैसा मिळाला. म्हणजे पायरीचं शहाणपण त्यांच्याकडेही होतं. त्यांच्या मागे रामूअण्णा नव्हते. सरस्वतीबाई होत्या, आणि त्यांच्याकडे द्यायला दागिने संपले.

आमच्या घरचा हिशेब

माझे वडील एकाच कचेरीत छत्तीस वर्षं कारकून होते. बढतीत डावलले गेले. घरी येऊन त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. चार भावंडं, म्हातारे आजोबा, भाड्याचं घर. शिबिरातल्या गोष्टीच्या मापानं ते भित्रे ठरतात. पण त्या पगारातून मी इंजिनिअर झालो, धाकटा भाऊ दुकान काढू शकला. त्याच्या दुकानाची पहिली दोन वर्षं तोट्याची होती, ती वडिलांच्या पेन्शननं भरली. आमच्या घरात धोका पत्करला भावानं, पण त्याची किंमत आधीच चुकवून ठेवली होती वडिलांनी.

म्हणून धाडसी आणि भित्रा अशी माणसांची विभागणी करायला मी आता धजत नाही. कागद चाळताना तीन प्रश्न विचारतो. हा माणूस बदलला तेव्हा हातात काय शिल्लक होतं? बुडाला असता तर कोण कोण बुडणार होतं? आणि मागे पगार, शेत किंवा दागिने घेऊन कोण उभं होतं? चरित्रांत पहिल्याचं उत्तर मिळतं. बाकीच्या दोन्हींसाठी घरच्या जमाखर्चाच्या वह्या, पत्रं, गहाणखतं बघावी लागतात. बेळगाव, बडोदं, इंदूर, हैदराबाद इथल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर असे कागद अजून आहेत. रद्दीत घालण्याआधी आपल्या मंडळाला दाखवा, एवढी विनंती.

भाच्याला मी नोकरी सोड असंही म्हटलं नाही, धर असंही नाही. शनिवार-रविवारी उद्यमबागेत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्याचा पहिला नमुना बनवायला जागा मिळवून दिली आहे. घराचा हप्ता चालू आहे.

राहिला किर्लोस्कर रोड. तिथं माहितीचा फलक लावावा, असं मंडळात अधूनमधून बोललं जातं. मजकूर ठरवायची वेळ येईल तेव्हा माझी सूचना आहे, की लक्ष्मणरावांच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरात रामूअण्णांचं नाव असावं. दुकान दोघांचं होतं.